उत्तर येईपर्यंत

या, जरा जवळ सरका. पाय अवघडले असतील तर मोकळे करा, पाठीला टेकायला उशी घ्या, पण कान तेवढे इकडे असू द्या. आजची गोष्ट राजाची नाही, शूराची नाही आणि साधुपुरुषाचीही नाही. एका सुनेची आहे, तिच्या सासऱ्यांची आहे, आणि एका प्रश्नाची आहे. तो प्रश्न हजारो घरांत जायला निघाला होता आणि त्याच्यात एक भोक राहून गेलं होतं. ते कुठे होतं, कुणाला सापडलं आणि सापडूनही पुन्हा कसं हातातून निसटलं, ते ऐका.

"आजी, हा प्रश्न ऐकताना तुमच्या मनात काय आलं?" सूनबाईने विचारलं आणि ओठ मिटून बसली.

"मनात काय यायचंय?" समोरच्या आजी म्हणाल्या. जन्म शिवणयंत्रावर गेलेला, त्यामुळे बोलतानाही त्यांचा उजवा पाय खाली हलत असे. "आलं ते असं, की एवढ्याशा खोलीला एवढा मोठा पंखा कशाला."

सूनबाईने तेही लिहून घेतलं. तिचं कामच तसं होतं. मोठमोठ्या पाहण्या होतात, माणसं कागद घेऊन दारोदार फिरतात, प्रश्न विचारतात. ते प्रश्न लिहिणारे लोक हुशार असतात, यात वाद नाही. पण लिहिलेला प्रश्न दुसऱ्याच्या डोक्यात शिरल्यावर तिथे त्याचं काय होतं, हे लिहिणाऱ्याला कळावं कसं? पंगतीला वाढण्याआधी स्वयंपाक कुणीतरी चाखून बघतं ना, तसेच प्रश्नही मूठभर माणसांवर चाखून बघायचे. प्रश्न वाचायचा, उत्तर घ्यायचं, आणि मग म्हणायचं, आता हे उत्तर तुम्ही कसं काढलंत ते मला मोठ्याने सांगा. प्रश्न खारट निघाला तर बदलायचा. सूनबाईची सारी नोकरी या चाखण्यात गेली होती.

त्या कामात एक नियम फार कडक. प्रश्न विचारला की आपल्या तोंडाला कुलूप. समोरचा अडखळो, छताकडे बघो, नखं कुरतडो, आपण शब्द पुरवायचा नाही. नवी माणसं नेमकी इथे हरतात. शांतता त्यांना सोसत नाही, 'म्हणजे बरं वाटतं, असंच ना?' म्हणून ती मोकळी होतात, आणि समोरचाही बिचारा मान डोलावून मोकळा होतो. सूनबाई कधी हरत नसे. ती जिथे हे काम करी त्या संस्थेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, त्या सदा घाईत असलेल्या पण मनाने लोण्यासारख्या बाई होत्या. त्या नव्या मुलींना सांगत, गप्प बसायला शिकायचं असेल तर हिच्यासमोर बसा.

या खेपेची पाहणी सत्तरी उलटलेल्या माणसांची होती. घरात ती कशी आहेत, सुखात की नुसतीच असल्यासारखी, हे विचारायचं होतं. बरेच प्रश्न चाखताना फुटले होते. एक प्रश्न मात्र खडकासारखा उभा होता. 'घरातले निर्णय घेताना तुम्हाला विचारलं जातं का?' नेहमी, कधीकधी, कधीच नाही. जो येई तो छाती पुढे काढून 'नेहमी' म्हणे. शिवणवाल्या आजींनी तर पर्याय वाचून होऊ दिले नाहीत. आमच्याकडे पान हलायचं झालं तरी आधी मला विचारतात, म्हणाल्या. मॅडम खूश. हा प्रश्न सोनं आहे, म्हणाल्या, याला हात लावू नका, येत्या आठवड्यात छपाईला देऊ.

आता सूनबाईच्या घरी चला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरात नवरा, ती आणि सासरे. सासऱ्यांचं आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेलं. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चौकट ठेवायची, एकेक काच घालायची आणि विचारायचं, आता बरं दिसतं की आधीचं बरं होतं? दुकान मालकाचं, पण लोक चष्म्यासाठी यायचे ते यांच्याकडे. मागल्या वर्षी त्यांना झटका आला. देवाच्या कृपेने हातपाय वाचले, पण वाणीवर बेतलं. डॉक्टर म्हणाले, डोकं शाबूत आहे, शब्दही शाबूत आहेत, फक्त ते आता गाडीने येत नाहीत, पायी येतात.

घरच्यांनी हे ऐकलं, आणि प्रेमापोटी त्या पायी येणाऱ्या शब्दांना वाटेतच गाठायला सुरुवात केली. सासऱ्यांनी 'ख' म्हणायचा अवकाश, मुलगा उठून खिडकी लावी, सून खोकल्याचं औषध आणी, आणि म्हातारा आपली खुर्ची मागायची राहिलीच म्हणून हसून गप्प बसे. दुष्टपणा कुणाच्याच मनात नव्हता हो. उलट ज्याला त्याला वाटे, बाबांना त्रास नको. संस्थेत जिच्या मौनाची उदाहरणं देत ती सूनबाईसुद्धा घरी आली की पर्स खुंटीला आणि मौनही खुंटीला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आणि त्याच दिवसांत एक निर्णय झाला होता. सासरे एकदा जिन्यात घसरले होते. दिवसभर घरी कुणी नाही, तीन मजले उतरायचे आणि चढायचे. नणंदेचं घर दुसऱ्या गावी, बैठं, पुढे अंगण. ती कधीची म्हणत होती, बाबांना माझ्याकडे पाठवा, कायमचे. एका रात्री जेवताना मुलाने विचारलं, "बाबा, ताईकडे जाल ना? बरं वाटेल तुम्हाला तिथे." बाबांनी घास खाली ठेवला, तोंड उघडलं, ओठ हलले. "बघ, हो म्हणाले," मुलगा म्हणाला आणि बहिणीला फोन लावला. येत्या रविवारी ती गाडी घेऊन येणार होती.

संस्थेची एक जुनी रीत होती. नवी प्रश्नावली घरच्या एका माणसावर वाचून बघायची. ती उत्तरं कुठे धरायची नाहीत, नुसती आपली जीभ सरावायची. दर वेळी हा बळी नवऱ्याचा जाई, आणि तो वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता सगळ्याला 'बरं आहे' म्हणे. या वेळी त्याने हात झटकले. मी अजून सत्तरीचा व्हायचोय, म्हणाला, बाबांना विचार, तेवढाच त्यांचा वेळ जाईल. सूनबाई टाळत होती, कारण बाबांना वेळ फार लागे. अखेर गुरुवारी ती लवकर घरी आली. गॅलरीत ऊन कलतं झालेलं, सासरे तिथे बसलेले. एरवी ती त्यांच्या शेजारी बसे. आज कागद गुडघ्यावर ठेवायचा म्हणून तिने खुर्ची ओढून समोर मांडली. आणि समोर बसल्याबरोबर, सवयीने म्हणा की देवाच्या इच्छेने म्हणा, तिच्या तोंडाला ते कुलूप लागलं.

पहिला प्रश्न डोळ्यांचा. तुम्हाला नीट दिसतं का? बाबा विचारात पडले. खाली भाजीवाला ओरडत येऊन ओरडत निघून गेला.

"कुठल्या... चष्म्याने?"

सूनबाई हसली. बाबाही हसले. कित्येक महिन्यांत त्या दोघांत झालेला तो पहिला विनोद. मग एकेक करत ती त्या खडकासारख्या प्रश्नापाशी आली. घरातले निर्णय घेताना तुम्हाला विचारलं जातं का?

शेजारच्यांचा पंप सुरू झाला. सूनबाईच्या जिभेच्या टोकावर 'नेहमी' येऊन बसला होता. तिने तो गिळला.

"विचार... तात."

तिची पेन्सिल 'नेहमी'कडे निघाली. तेवढ्यात बाबांनी तळहात वर केला. दुकानात काच नीट बसेपर्यंत गिऱ्हाइकाला थांबवायला ते असाच हात करत. पेन्सिल थांबली.

"विचारतात. आणि... पुढे जातात." ओठ पुसून त्यांनी दम घेतला. "मी मागे. उत्तर... हातात घेऊन."

पंप बंद झाला. सूनबाईच्या डोळ्यांपुढे ती जेवणाची रात्र उभी राहिली. खाली ठेवलेला घास, हलणारे ओठ. नियमाप्रमाणे इथे एक जोडप्रश्न होता, हे सांगताना तुम्हाला काय आठवलं? तो तिने विचारला नाही. तिला वाटलं, त्यात विचारायचं काय राहिलंय. तिने कागद मिटला, त्यांच्या हातावर हात ठेवला आणि डोळे पुसत आत गेली. एवढी जाणती बाई, पण इथे चुकली. कशी, ते पुढे येईल.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी आधी घड्याळाकडे पाहिलं. मग विचारलं, म्हणजे हे 'कधीकधी'त धरायचं का? सूनबाई म्हणाली, कशातच धरता येत नाही, तेच तर दुखणं आहे. मॅडमनी कागद पुन्हा वाचला आणि त्या म्हणाल्या, त्या शिवणवाल्या आजींना पुन्हा बोलावता येईल का बघ.

आजी दुपारी आल्या, पंख्याकडे रागाने बघत बसल्या. सूनबाईने या वेळी वेगळं विचारलं. शेवटचं कधी विचारलं होतं, काय विचारलं होतं, आणि पुढे काय झालं? आजींचा हलता पाय हळूहळू थांबला.

"विचारलं की थोरल्याने. घर बदलू या का म्हणून. चपला घालता घालता विचारलं." त्या खुदकन हसल्या. "मी हो म्हणेस्तोवर तो खाली पोचला होता. आणि खरं सांगू का बाई, सामान आधीच बांधलेलं होतं."

हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मॅडम दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी तिथूनच छापखान्याला फोन केला, एक प्रश्न वाढतोय, म्हणाल्या, थांबावं लागेल. आणि तो प्रश्न त्या प्रश्नावलीत गेला: तुमचं उत्तर पूर्ण होईपर्यंत कुणी थांबतं का? त्याच्याखाली, विचारणाऱ्यांसाठी, एक ओळ: हा प्रश्न विचारल्यावर तुम्हीही थांबा.

तिकडचं काम फत्ते झालं. पण इकडे सूनबाई पदर खोचून घरी आली ती लढायलाच. स्वयंपाकघराचं दार लोटून तिने नवऱ्याला सांगितलं की बाबांना जायचं नाही. नवरा चमकला.

"सांगितलं त्यांनी तुला?"

"सांगायला कशाला हवं? हातच्या काकणाला आरसा कशाला?"

मग शब्दाला शब्द लागला. नवरा म्हणाला, मी बापाला घराबाहेर काढतोय का? जिन्यात पुन्हा पडले तर तू असणार आहेस का, मी असणार आहे? ती म्हणाली, तुम्ही त्यांना कधी बोलू देता का? तो म्हणाला, जगाचं ऐकायचा पगार तुला मिळतो, घरात मात्र बहिरा ठरतो तो मी एकटा. तिचं बोलणं त्याला लागलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. रविवारपर्यंत दोघं एकमेकांशी भाजी, किल्ली आणि दूधवाला एवढंच बोलले.

रविवारी सकाळी नणंद आली. तीन जिने चढून धापा टाकत, पण चेहरा उजळलेला. तिने खोलीला रंग दिला होता, न्हाणीघरात भिंतीला धरायला दांड्या बसवून घेतल्या होत्या, अंगणात बाबांसाठी बाक टाकला होता. हे सगळं ती एका दमात सांगत होती, आणि मध्येच तिच्या लक्षात आलं की बाबांची बॅग भरलेली नाही.

"वन्सं, बाबांना यायचं नाहीये," सूनबाई म्हणाली.

"म्हणजे? हो म्हणाले होते ते."

"म्हणाले नव्हते. ह्यांनी म्हणवलं होतं."

"वहिनी, मी काय परकी आहे का? वडील माझेही आहेत."

भाऊ बहिणीच्या बाजूने बोलायला गेला आणि तिच्याकडूनच बोलणी खाऊन आला. तुला एक धड विचारता येत नाही का, म्हणाली. सूनबाईने बाबांचं मन सांगितलं, नणंदेने बाबांचं मन सांगितलं, मुलाने बाबांची प्रकृती सांगितली. तिघंही तळमळीने भांडत होती आणि तिघांच्या मध्ये, खुर्चीवर, बाबा बसले होते. जो बोलेल त्याच्याकडे मान वळवत होते.

त्यांनी तळहात वर केला. नणंदेला दिसला नाही, मुलाला दिसला नाही. सूनबाईला दिसला, आणि तोंडातलं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. गुरुवारचा तो न विचारलेला प्रश्न तिला आठवला. बाबा म्हणाले होते, मी मागे राहतो. जायचं नाही असं कुठे म्हणाले होते? ते तिने आपल्या मनचं घातलं होतं. मुलाने 'हो' पुरवला, तिने 'नाही' पुरवला. फरक तो काय?

"माझं चुकलं," ती म्हणाली. आवाज इतका खाली आला की बाकीची दोघं आपसूक गप्प झाली. "मीसुद्धा त्यांना विचारलेलं नाही."

तिने खुर्ची ओढली, बाबांच्या समोर मांडली. नवऱ्याला आणि नणंदेला खुणेनेच बसायला सांगितलं.

"बाबा, वन्सं तुम्हाला न्यायला आल्यात. तुमच्या मनात काय आहे? सावकाश सांगा. आम्ही बसलोय."

आणि बसली. अहो, वाट बघणं म्हणजे काय असतं ते त्या दिवशी त्या घराने पाहिलं. बाबांचे ओठ हलले, थांबले. कपाळावर घाम आला. नवऱ्याने तोंड उघडलं. सूनबाईने त्याच्याकडे न बघता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. नणंदेचा फोन वाजला, तिने तो घाईघाईने बंद केला. वडिलांचं ते झगडणं तिला बघवेना. राहू द्या बाबा, असं ती म्हणायला गेली, पण बाबांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिने मान खाली घातली.

"जायचंय," बाबा म्हणाले.

नणंदेला हुंदका फुटला. एवढी भांडली सूनबाई, नवऱ्याशी दोन दिवस अबोला धरला, आणि हे काय? पण बाबांचा हात अजून वरच होता. ती थांबली. तिघंही थांबली.

"लेकीचं... घर बघायचंय. अंगणात... चालायचंय. कुणी... हात न धरता." मग पुन्हा तो लांबचा प्रवास. मुलगा आता पुढे वाकून, श्वास रोखून ऐकत होता. "आणि परत... यायचंय. केव्हा... ते मी... सांगेन."

कुणी हललं नाही, कारण हात खाली आला नव्हता.

"माझी खुर्ची... अडगळीत... टाकू नका." मग त्यांनी तिघांकडे एकेकदा पाहिलं, हात मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "झालं."

वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या बोलण्याला पूर्णविराम त्यांनी स्वतः दिला होता. मुलगा हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. कायमचं म्हणणारी नणंद म्हणाली, बाबा, तुम्ही म्हणाल तेव्हा आणून सोडीन, पाऊस असो की ऊन असो. सूनबाई उठून बॅग भरायला लागली. आणि प्रत्येक सदरा आधी वर धरून दाखवत होती, हा घ्यायचा का म्हणून. बाबांनी सहा सदऱ्यांपैकी दोन परत कपाटात ठेवायला लावले. आता बाकीच्यांना कळलं की म्हातारा आवडीनिवडीचा आहे.

जिना उतरायला त्यांना बराच वेळ लागला. दर वळणावर ते कठडा धरून उभे राहत. मुलगा दोन पायऱ्या खाली, पाठीवर बॅग, तोंड वर करून उभा राही. चला म्हणाला नाही, हात दिला नाही. वरून दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ घाईने उतरत आले, त्यांनी ही रांग बघितली आणि काही न विचारता तेही मागे थांबले.

आता संध्याकाळी तिकडून फोन येतो. आधी नणंदेचा आवाज, "घे वहिनी, बाबा बोलतात." मग काहीच नाही. नुसता श्वास, अंगणातल्या पाखरांची किलबिल, कुठेतरी बादली ठेवल्याचा आवाज. सूनबाई गॅस बारीक करते, स्टूल ओढून बसते. नवरा दारात येऊन नजरेनेच विचारतो, काय म्हणाले? ती मानेनेच सांगते, अजून काही नाही. तोही मग भिंतीला टेकून तिथेच खाली बसतो. भाजी जरा जास्त शिजते. शिजू दे.

एवढीच गोष्ट. ऐकलीत, देव तुमचं भलं करो. संध्याकाळी देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या चष्मेवाल्या बाबांना आठवा; आणि तुमच्या घरात असं कुणी असेल ज्याचं बोलणं अर्धंच राहून गेलंय, तर त्यांनाही.